फरशीला घाम फुटला त्या सकाळी

गेल्या तीन आठवड्यांत आमच्या घरात तिन्ही ऋतू मुक्कामाला येऊन गेले, आणि तेही एकामागून एक असे नाही, कधीकधी एकाच दिवसात तिघंही. सकाळी सहाला बाबांच्या अंगावर रजई, दुपारी दोनला फॅन पाचवर, संध्याकाळी खिडक्यांची दारं धाडधाड आपटतायत आणि वर विजा. वसंत म्हणजे मधला, सुखाचा काळ असं आपण धरून चालतो ना, थंडी गेली, उन्हाळा अजून यायचाय, त्यामुळे या दिवसांची घराने काही तयारीच केलेली नसते. रजया धुऊन वर टाकलेल्या असतात, एसीची सर्व्हिसिंग अजून व्हायची असते, आणि छत्री कुठे आहे ते कुणालाच माहीत नसतं.

मी घरून काम करतो. बाबा आमच्याकडेच असतात, वय ७८, चालतात पण काठी लागते. मुलगी सहा वर्षांची आहे, तिला हवा बदलली की खोकला ठरलेलाच. बायकोची ड्युटी शिफ्टची, त्यामुळे दिवसभर घरावर लक्ष ठेवणारा मीच. या तीन आठवड्यांत जे जे चुकलो आणि त्यातून जे जे कळलं ते लिहून ठेवतोय, कारण यातल्या काही गोष्टी मला आधी कुणी सांगितल्या असत्या तर त्या सकाळचा प्रकार झाला नसता.

तर ती सकाळ. त्याआधीचा आठवडा चांगलाच गार गेला होता, ढगाळ, रात्री तर स्वेटर घालून झोपत होतो. मग एका रात्रीत वारं फिरलं. पहाटे उठलो तर अंगाला काहीतरी वेगळंच लागत होतं, उबदार, चिकट, श्वास घेतला तरी ओलसर वाटावं असं. बेडरूममधून अनवाणी बाहेर आलो आणि पाय सटकला. बघतो तर हॉलची फरशी पूर्ण ओली. पहिला विचार आला की पाइप फुटला. बेसिनखाली बघितलं, बाथरूम बघितलं, वॉशिंग मशीन ओढून मागे बघितलं, सगळं कोरडं ठाक. फडका घेऊन पुसून काढलं आणि दहा मिनिटांत परत तेच, बारीक बारीक थेंब, जणू फरशीला आतून घाम फुटतोय. मुलगी उठून आली, तिला मजाच, बोटाने फरशीवर फूल काढलं आणि ते फूल छान उमटलं पण. आणि तेवढ्यात बाबा त्यांच्या खोलीतून बाहेर आले. काठी टेकली ती सरळ घसरली. मी दोन पावलांवर होतो म्हणून धरता आलं. "अरे पाणी कुणी सांडलंय?" एवढंच म्हणाले, पण माझा हात त्यांच्या दंडावर होता आणि तो दंड थरथरत होता, ते मला अजून आठवतंय.

मी काय केलं, तर आपण सगळेच जे करू तेच. वाळायला हवी म्हणून घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या, बाल्कनीचं दार सताड उघडलं. आणि अर्ध्या तासात आणखी ओलं. भिंतीचा खालचा भाग, आरसा, बाबांच्या खोलीतलं लोखंडी कपाट, सगळ्यावर पाणी.

हे का झालं ते नंतर नीट समजून घेतलं, आणि समजल्यावर इतकं साधं वाटलं की वाईट वाटलं. फ्रिजमधली पाण्याची बाटली बाहेर काढून ठेवली की तिला बाहेरून पाणी सुटतं, तेच हे. हवा जितकी गरम तितकी जास्त वाफ तिच्यात मावते, साधारण एका डिग्रीमागे सात टक्के जास्त. ही हवा गार झाली की एका ठरावीक तापमानाला ती वाफ तिला धरून ठेवता येत नाही आणि पाणी सुटतं. त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात, आपल्या मोबाईलमधल्या बऱ्याचशा वेदर अ‍ॅपमध्ये ड्यू पॉइंट म्हणून तो आकडा असतो, मी आयुष्यात कधी त्याच्याकडे बघितलं नव्हतं. त्या सकाळी बाहेर होतं २६ डिग्री आणि ह्युमिडिटी ७५ टक्के, म्हणजे दवबिंदू साधारण २१. आणि आठवडाभर गारठलेली आमची फरशी असेल १९-२० डिग्रीवर. हवा एका रात्रीत बदलते हो, पण फरशी, भिंती, काँक्रीट यांना बदलायला दिवस लागतात. म्हणजे आमचं अख्खं घर ती फ्रिजमधली बाटली झालं होतं, आणि मी खिडक्या उघडून त्याच्यावर बाहेरची दमट हवा सोडत होतो.

मग करायचं काय, तर नेमकं उलटं. खिडक्या बंद, बाहेरची हवा आत घ्यायचीच नाही, आत फॅन चालू ठेवायचे, आणि एसी असेल तर ड्राय मोडवर. (एसीबद्दल एक गंमतशीर गोष्ट, १९०२ साली विलिस कॅरियरने ते पहिलं यंत्र बनवलं ते माणसांना गार वाटावं म्हणून नव्हतंच, ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमटपणामुळे कागद फुगत-आकसत होते आणि रंग जागेवर बसत नव्हते, म्हणून हवेतलं पाणी आटोक्यात आणायला.) संध्याकाळपर्यंत फरशी थोडी कोमट झाली आणि पाणी सुटायचं थांबलं. आता मी खिडकी उघडायच्या आधी बाहेरचा दवबिंदू बघतो, तो घरातल्या फरशी-भिंतींपेक्षा खाली असेल तरच उघडतो. फरशीचं तापमान मोजायला काही फार लागत नाही, मी साधं थर्मामीटर आणि ह्युमिडिटी दाखवणारं छोटं यंत्र रात्रभर फरशीवरच ठेवून देतो, सकाळी बरोबर अंदाज येतो. आणि बाबांच्या पलंगापासून बाथरूमपर्यंत रबरी पाठीच्या मॅट टाकल्यात, त्या आता पावसाळा येऊन गेला तरी निघणार नाहीत.

दोनच दिवसांनी बाबांच्या खोलीतून कुबट वास यायला लागला. बाबा म्हणाले की त्यांना काही येत नाही, पण मुलीने नाक धरलं. लोखंडी कपाट भिंतीला चिकटून होतं, ते पुढे ओढलं तर मागे भिंतीवर हाताच्या पंजाएवढे दोन काळपट हिरवे डाग, जवळून बघितलं तर मखमलीसारखी लव. बुरशी. ओल राहिली की २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला लागते, त्यामुळे "नंतर बघू" म्हणायला वेळच नसतो. मास्क लावला, ग्लोव्हज घातले, साबणाच्या पाण्याने पुसून काढलं, कोरडं केलं, फॅनचं तोंड त्या भिंतीकडे करून दिवसभर चालवला. कोरडी बुरशी ब्रशने खरवडू नका प्लीज, ती सगळी हवेत उडते आणि मग तीच आपण श्वासातून घेतो. कपाट आता भिंतीपासून चार बोटं लांब आहे. आणि कपडे घरात वाळत घालणं बंद केलं, कारण मशीनमधून पिळून निघालेल्या एका लोडमध्येसुद्धा दीड-दोन लिटर पाणी असतं आणि ते सगळं शेवटी घरातल्याच हवेत जातं. घरातल्या ह्युमिडिटीचा आकडा साठच्या खाली राहिला तर घर ठीक असतं, ३० ते ५० च्या मध्ये तर उत्तमच. पन्नासच्या वर सतत राहिलं की गाद्या-उशांमधले धुळीतले बारीक किडेही वाढतात, आणि मुलीच्या खोकल्याशी त्यांचा थेट संबंध आहे असं तिच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं होतं.

नंतरच्या आठवड्यात उलटंच झालं, पारा चढायलाच लागला, चार दिवसांत ३८. आता कुणी म्हणेल की ३८ ला काय घाबरायचं, भर उन्हाळ्यात तर त्याहून जास्त सोसतो आपण. पण खरं दुखणं तिथेच आहे. भर उन्हाळ्यात शरीराला सवय झालेली असते, घाम लवकर सुटायला लागतो, घामातून मीठ कमी जातं, रक्ताभिसरण जुळवून घेतं, आणि हे व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. मोसमाच्या सुरुवातीला अचानक आलेलं ऊन त्या तयारीच्या आधीच येऊन आदळतं, म्हणून तेच तापमान आता जास्त त्रास देतं. त्यात म्हाताऱ्या माणसांना तहान कळत नाही आणि घामही कमी येतो. बाबांचं तेच. दुपारी चारला विचारलं, पाणी प्यायलात का, तर म्हणाले, "तहानच नाही रे लागली." ओठ सुकलेले, चेहरा उतरलेला, आणि सकाळी भरून ठेवलेला तांब्या जसाच्या तसा. त्या दिवसापासून मी विचारणं बंद केलं, दर तासाला ग्लास भरून हातातच देतो आणि रिकामा होईपर्यंत तिथेच बसून राहतो, गप्पा मारतो. बीपीच्या काही गोळ्या लघवीचं प्रमाण वाढवणाऱ्या असतात, बाबांनाही तशी एक आहे, म्हणून डॉक्टरांना फोन करून पाण्याचं आणि गोळीचं दोन्ही विचारून घेतलं. आपल्या मनाने गोळी कमी करू नका, आणि ज्यांना हार्टचा किंवा किडनीचा त्रास आहे त्यांचं पाणीही विचारूनच वाढवा.

उन्हाच्या दिवसांत खिडक्यांचा हिशोब वेगळा. इथे बघायचं ते तापमान. बाहेर आतपेक्षा गरम झालं की बंद, बाहेर आतपेक्षा गार झालं की उघड. ऐकायला किती सोपं, पण आपण दिवसभर "हवा येऊ दे" म्हणून उघड्या ठेवतो आणि रात्री डासांसाठी लावून घेतो, म्हणजे बरोब्बर उलटं. मी पहाटे साडेपाचला उठून समोरासमोरच्या दोन खिडक्या आणि मधलं दार उघडतो. त्या वेळी घरातून जो वारा जातो ना, तो पडद्यावरून दिसतो, एका खिडकीचा पडदा आत फुगतो आणि दुसरीचा बाहेर ओढला जातो. तास-दीड तास. नुसती हवा गार करून भागत नाही, भिंती गार व्हायला हव्यात, दिवसभर तोच गारवा पुरवून वापरायचा असतो. आठच्या सुमारास सगळं बंद, पडदे ओढलेले.

पश्चिमेची खिडकी मात्र पडद्याला दाद देईना. वरच्या छज्जाचा उपयोग सूर्य डोक्यावर असताना, संध्याकाळचा सूर्य खाली उतरून सरळ आत बघतो. शिवाय आतून लावलेला पडदा ऊन अडवतो पण तोपर्यंत ते काचेतून आत आलेलंच असतं, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. ऊन काचेच्या बाहेरच अडवायला हवं. बाहेरून जाड पांढरी चादर ग्रिलला बांधली, चार कोपऱ्यांना दोरी, बस. पहिल्याच संध्याकाळी फरक कळला, काचेला आतून हात लावला तर कोमट, आदल्या दिवशी त्याच वेळी हात ठेववत नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की उन्हाळी दिवसांत खोली दिवसा ३२ आणि रात्री २४ च्या खाली ठेवायचा प्रयत्न करावा. रात्रीचं २४ आम्हाला नाही जमलं, खरं सांगतो, २७-२८ पर्यंतच आलं. म्हणून झोपायच्या आधी बाबांचे हात, मान, पोटऱ्या ओल्या कपड्याने पुसून मग फॅन. फॅन हवा गार करत नाही, तो अंगावरचं पाणी उडवतो आणि त्याने आपण गार होतो, त्यामुळे अंग कोरडं असलेल्या म्हाताऱ्या माणसाला नुसता फॅन पुरत नाही. आणि खोली चाळीसच्या वर गेली तर फॅन उलट गरम हवाच अंगावर मारतो, तेव्हा तो बंदच बरा.

आणि मग वादळ. असल्या वसंतात ते येणारच, कारण जमीन उन्हाने तापलेली असते पण वरच्या थरातली हवा अजून हिवाळ्यातलीच गार असते, खालची गरम ओली हवा जोरात वर उठते, तिथे ढग उंच उंच चढतो, गारा तयार होतात. दुपारी चारला आकाश पिवळट झालं, मग एकदम गार वाऱ्याचा झोत आला. चार दिवस उकडल्यानंतर तो वारा, काय सांगू, मुलगी धावत बाल्कनीत गेली, बाबा पण म्हणाले, उघड रे सगळं. आणि मी सगळं बंद केलं. दोघंही नाराज झाले माझ्यावर.

कारण असं की मी त्याच आठवड्यात मेलबर्नबद्दल वाचलं होतं. तिकडे दक्षिण गोलार्धात नोव्हेंबर म्हणजे वसंत. २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी तिथे वादळ आलं, आणि काही तासांत हजारो माणसं श्वास लागून हॉस्पिटलमध्ये, १० जणांचा जीव गेला. कारण काय, तर गवताचे परागकण. वसंतात हवेत ते भरपूर असतात, एरवी ते मोठे असल्यामुळे नाकातच अडकतात, शिंका येतात आणि संपतं. पण वादळात ओलाव्याने ते फुटतात, त्यांचे अगदी बारीक तुकडे होतात, आणि पावसाच्या पुढे धावणारा तो गार वारा ते जमिनीलगत घेऊन येतो. ते थेट फुप्फुसात खोल जातात. त्यातल्या बऱ्याच जणांना आधी दम्याचं निदानही झालेलं नव्हतं, नुसती सर्दी-शिंकांची अ‍ॅलर्जी होती. असं दर वादळात होत नाही, आणि तसा प्रकार आमच्याकडे झाला असता असंही मी म्हणत नाही. पण ज्या घरात खोकणारं मूल आहे तिथे तो पहिला गार झोत काचेआडून बघावा, पाऊस नीट पडून हवा धुतली गेली की मग उघडावं, असं माझं मत झालंय. अर्धा-पाऊण तास उकडलं तर उकडलं. तिचा इनहेलर तेव्हा माझ्या खिशात होता, लागला नाही.

विजा सुरू झाल्यावर कॉम्प्युटर, राउटर, टीव्ही सगळ्यांचे प्लग काढले, नुसतं बटण बंद करून चालत नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट येईपर्यंतचे सेकंद मोजायला मुलीला शिकवलं, तीन सेकंदाला एक किलोमीटर. ती माझ्या मांडीवर बसून मोजत होती, बारा, मग नऊ, मग चार, आणि चारला तिने माझा शर्ट घट्ट धरला. पण मोजत राहिली, आणि मग सात, अकरा, वीस झाले तेव्हा तिनेच बाबांना सांगितलं, "आजोबा, गेलं ते लांब." शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबलो, मग खिडक्या उघडल्या. बाल्कनीत गारांचा खच, कुंड्यांमधली नवी पालवी फाटून गेलेली. गुलाब त्या आधीच्या उबदार दिवसांना फसून लवकर कळ्यांवर आला होता, त्याच्या सगळ्या कळ्या मोडल्या. बाबांनी एकेक मोडकी काडी हाताने खुडली, खालचा डोळा जिवंत आहे म्हणाले, त्याच्या वर कात्री मार.

त्या रात्री पारा परत १६ वर.

आता आमच्याकडे कपाटात ऋतू नाहीत. रजई वर टाकलेली नाही आणि पातळ चादरही काढून ठेवलेली नाही, दोन्ही पलंगाच्या पायथ्याशी. एक जाड पांघरूण घेण्यापेक्षा पातळ तीन घेतलेली बरी पडतात, रात्री दोनला उकडलं तर एक ढकलता येतं, पहाटे गारठलं तर परत ओढता येतं, बाबांना झोपेतसुद्धा ते जमतं. घर गार पडायला लागलं की त्यांच्या खोलीत १८ च्या खाली जाऊ देत नाही, म्हातारी माणसं आणि लहान मुलं यांना त्याखालची खोली बाधते. मुलीच्या दप्तरात पातळ जॅकेट कायमचं. अ‍ॅपमध्ये मी आता दिवसाचं सर्वात जास्त तापमान बघत नाही, बघतो ते तीन आकडे, पहाटेचं सर्वात कमी, दवबिंदू, आणि वारा कुठून फिरणार आहे ते. पाच दिवसांच्या पुढचं बघणं सोडून दिलंय, असल्या दिवसांत ते रोज बदलतं आणि नुसती धाकधूक वाढते.

बायको रात्रपाळीवरून सकाळी येते तेव्हा तिच्यासाठी फ्रिजवर एक चिठ्ठी असते, आज खिडक्यांचं काय करायचं त्याची. आजची अशी आहे: "दवबिंदू १४, फरशी २१, दहापर्यंत सगळं उघडं ठेव. बाबांची उजवीकडची नको, वारा थेट पाठीवर येतो."

आत्ता हे लिहिताना रात्रीचे साडेअकरा झालेत. उद्या पहाटे परत गार दाखवतायत. बाबा झोपलेत, तिन्ही पांघरुणं अंगावर, आणि मॅटवर त्यांच्या चपला, टोकं पलंगाकडे नाही, दाराकडे करून ठेवल्यात, म्हणजे अंधारात पाय घातला की सरळ चालायला लागता येईल.